तांडा हाच तिसरा पाद
बालकांचे मानसिक आरोग्य, कुटुंबस्वास्थ्य आणि पोहरादेवी परिसरातील वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे क्षेत्र बंजारा समाजाची काशी म्हणून देशभर परिचित आहे. जगदंबा देवीचे मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जवळच्याच उमरी येथील सामकी माता व जेतालाल महाराज यांची स्थाने यांमुळे रामनवमीला येथे लाखोंच्या संख्येने भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ही वास्तू आता दुरूनही नजरेत भरते.

यात्रा ओसरल्यावर मात्र परिसरातील तांडे आपल्या नित्याच्या जीवनक्रमाकडे वळतात. कोरडवाहू कापूस, सोयाबीन व तूर, त्यांवरील कर्ज आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी, वीटभट्टीवर अथवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर होणारे स्थलांतर असा हा क्रम आहे. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे गेले की घरी आजी-आजोबा आणि शाळकरी मुले मागे राहतात. अशी मुले आपल्या चिकित्सालयात पोटदुखी, अरुची, शय्यामूत्र, डोकेदुखी किंवा अकारण ज्वर अशा तक्रारी घेऊन येतात. ‘मन’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. तो उच्चारण्याची जबाबदारी वैद्यावर येते.

प्रस्तुत लेखात या बालकांच्या चिकित्सेत समाजातील उपलब्ध साधनांचा उपयोग वैद्याने व औषधी विक्रेत्याने कसा करावा, याचा अभ्यासाच्या दृष्टीने विचार केला आहे.

शास्त्रीय आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. आपले लक्ष बहुधा पहिल्या दोन पादांवर खिळलेले असते. बालकाच्या बाबतीत मात्र तिसऱ्या पादाचे महत्त्व कितीतरी वाढते. त्याचे कारण चौथ्या पादाच्या गुणांत आहे. स्मृती, वैद्याच्या सूचनेनुसार वागणे, निर्भयता आणि आपली व्यथा सांगता येणे हे उत्तम रुग्णाचे गुण होत. बालकाच्या ठायी यांपैकी शेवटचे दोन स्वभावतःच उणे असतात. त्याला भय वाटते आणि आपल्याला काय होते हे त्याला सांगता येत नाही. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय याच अडचणीवर लिहिला गेला आहे. न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखावी, असा त्याचा आशय आहे.

रुग्णाच्या ठिकाणची ही उणीव उपस्थात्याने भरून काढावयाची असते. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे चार गुण. आई-वडील गावी असतील तर ही भूमिका तेच पार पाडतात. ते सहा महिने कारखान्याच्या परिसरात कोप्यांमध्ये राहत असतील तर उपस्थाता कोण, हा प्रश्न केसपेपरवर लिहिला गेला पाहिजे. तांड्यात त्याचे उत्तर सहसा एका व्यक्तीत सापडत नाही. आजी, मोठी बहीण, शेजारीण, शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा आणि तांड्याचे नाईक-कारभारी मिळून एक उपस्थाता होतो. म्हणूनच तांडा हाच तिसरा पाद, असे शीर्षक योजिले आहे.

त्रिविध औषधांतील सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून परावृत्त करणे, हे येथील मुख्य साधन. मोठ्या माणसाशी संवाद करून ते साधता येते. बालकाच्या बाबतीत त्याचे मन ज्या परिस्थितीत वावरते ती परिस्थितीच बदलावी लागते. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालक रडत असले, जेवत नसले तरी राक्षस-पिशाचादिकांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे स्पष्ट बजावले आहे. खेळणी रंगीत, हलकी, आवाज करणारी असावीत. टोकदार, तोंडात जाणारी वा भीतिदायक नसावीत, असेही तेथेच सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनीही बालकाला दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, असा उपदेश केला आहे. बालमनाच्या रक्षणाचा हा विचार आपल्या शास्त्रात मूळचाच आहे. आपण तो परीक्षेपुरता पाठ केला आणि ओपीडीत विसरलो, एवढेच.

एक प्रातिनिधिक उदाहरण

खालील वृत्त कोणा एका रुग्णाचे नसून या भागात वारंवार दिसणाऱ्या चित्राचा तो सारांश आहे.

नऊ वर्षांचा मुलगा, इयत्ता चौथी. आजी घेऊन आली. तक्रार : दीड महिन्यापासून रोज सकाळी नाभीभोवती दुखते, शाळेची वेळ टळली की थांबते. रात्री अंथरूण ओले होते. हे पूर्वी बंद झाले होते. आजीच्या मते बाहेरची बाधा. गावातील जाणत्याकडे दोनदा नेऊन आणले. त्याआधी एका दुकानातून जंताचे औषध व ‘बुद्धीचे सिरप’ घेतले.

परीक्षण : वजन वयाच्या मानाने कमी, पांडुता सौम्य, उदर मृदू, स्पर्शासहत्व नाही. मूत्रपरीक्षण प्राकृत. मुलगा मराठीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. आजीने गोर बोलीत विचारताच मान वर करतो. आई-वडील ऊसतोडीला जाऊन दोन महिने झाले. निघताना मूल झोपेत होते. ‘रडेल म्हणून उठवले नाही,’ असे आजी सांगते.

या शेवटच्या वाक्यात निदान दडलेले आहे. निरोप न घेता गेलेले आई-वडील परत येतील की नाही, या शंकेने बालक ग्रासले आहे. आपण शाळेत गेलो तर आजीही निघून जाईल, अशी भीती त्याला सकाळी वाटते. ही भीती त्याला शब्दांत मांडता येत नाही, म्हणून पोट दुखते. वेदना खोटी नाही, नाटक तर मुळीच नाही. ‘याला काही झालेले नाही’ असे वैद्याने म्हणणे म्हणजे त्या बालकाला दुसऱ्यांदा एकटे सोडणे होय.

चिकित्सेची मांडणी

१. शारीर कारणांचे निराकरण. क्रिमी, पांडु, मूत्रमार्गाचा संसर्ग, अपस्मार, श्रवणदोष, दृष्टिदोष व कुपोषण यांचा विचार प्रथम करावा. विदर्भात सिकलसेलचाही विचार मनात ठेवावा. मानसिक कारण सापडले म्हणून शारीर कारण नाही, असे गृहीत धरू नये.

२. बोली. तांड्यातील मूल शाळेत येते तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. जे मूल गप्प ते मंद, असा निष्कर्ष शाळेत अनेकदा काढला जातो आणि आपणही तो केसपेपरवर उतरवतो. आईला याडी, मुलाला छोरा, मुलीला छोरी असे गोर बोलीतील दहा-वीस शब्द वैद्याने शिकून घ्यावेत. ज्ञापकत्व हा गुण काही अंशी वैद्याच्या भाषेवरही अवलंबून असतो.

३. निरोप आणि संपर्क. वरील उदाहरणात आई-वडिलांनी आठवड्यातील ठरावीक वारी, ठरावीक वेळी दूरध्वनी करावा. कधीही, कसाही आलेला फोन बालकाला तेवढा आधार देत नाही. ठरलेला फोन देतो. भिंतीवरील दिनदर्शिकेवर परतीचा अंदाजे महिना दाखवून रोज एक खूण करू द्यावी. पुढील वर्षी निघताना मुलाला जागे करून, सांगून, रडू देऊन निघावे, हे आजीच्या मार्फत आत्ताच कळवावे.

४. दिनचर्या. रात्री झोपण्यापूर्वी आजीने कोमट तिळतेलाने पादाभ्यंग करावा. त्यात स्पर्श, ठरलेली वेळ आणि जवळचे माणूस या तिन्ही गोष्टी बालकाला एकत्र मिळतात. झोपण्यापूर्वी लघवीस पाठवावे. अंथरूण ओले झाल्यास न बोलता बदलावे. चिडवणे, मारणे वा इतरांसमोर सांगणे पूर्ण टाळावे.

५. शाळा. वर्गशिक्षकांना वैद्याने दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. मुलाला सकाळी वर्गात एखादे छोटे काम सोपवावे आणि पोट दुखल्यास घरी न पाठवता थोडा वेळ बसू द्यावे. घरी राहण्याची सवय जितकी लांबते तितके शाळेत परतणे कठीण होते.

६. औषध. अग्नी, क्रिमी व पांडुता यांनुसार औषध द्यावे. मेध्य द्रव्यांत चरकोक्त मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी यांचा प्रकृती, वय व मात्रा पाहून उपयोग करता येतो. परंतु एकाकीपणावर ते उत्तर आहे, असा समज पालकांचा होऊ देऊ नये.

तांड्याचे वर्ष

ऋतुचर्येप्रमाणे तांड्याच्या वर्षाचाही अभ्यास वैद्याने करावा. कोणत्या महिन्यात बालकावर कोणता ताण येतो आणि त्याच वेळी समाजाजवळ कोणता आधार असतो, हे त्यातून कळते.

श्रावणात तीज येते. अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून तो जोपासतात, एकत्र गातात, नाचतात. किशोरवयीन मुलींशी पाळी, आहार, पांडुता, शिक्षण व बालविवाह या विषयांवर बोलण्यास याहून योग्य काळ नाही. वैद्य भगिनींनी तांड्यातील जाणत्या स्त्रीच्या सोबतीने हे काम करावे. स्थलांतरापूर्वी मुलीचे लग्न उरकून टाकण्याचा विचार अनेक घरांत होतो. मागे राहणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेची चिंता हे त्याचे एक मोठे कारण आहे. त्या चिंतेला उत्तर दिल्याखेरीज केवळ कायदा सांगून भागत नाही.

दिवाळीला मुली हाती दिवा घेऊन तांड्यातील घरोघरी जातात व वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेतात. त्यानंतर गाड्या निघतात. जाणाऱ्या कुटुंबांची व मागे राहणाऱ्या मुलांची यादी याच आठवड्यात व्हावी. समग्र शिक्षा अभियानांतर्गत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणीही त्यापूर्वी नोंदवावी लागते. वैद्याने समितीला ‘अमुक इतकी मुले मागे राहत आहेत’ असे लेखी कळविल्यास त्या मागणीस बळ मिळते.

होळीला ढूंढ हा नवजात बालकाचा संस्कार होतो. सर्व तांडा बालकाच्या दारी येऊन त्याला आपले मानतो. हे मूल एका घराचे नाही, तांड्याचे आहे, असा या विधीचा भाव आहे. तो परंपरेने मुलग्यासाठी केला जातो. तो मुलीसाठीही व्हावा, असे तांड्यातील ज्येष्ठांशी आदराने बोलता येईल. त्याच दिवशी मातेच्या प्रसूत्युत्तर मनःस्थितीची विचारपूस करावी. सतत रडणारी, न झोपणारी, बालकाकडे न पाहणारी माता ही उपचाराची गरज असलेली रुग्ण आहे.

चैत्रात ऊसतोडीचा हंगाम संपतो आणि रामनवमीची पोहरादेवी यात्रा भरते. पालक व बालक दोघेही एकत्र सापडण्याचा वर्षातील हा सर्वोत्तम काळ होय. आपल्या संघटनेने यात्रेत लावावयाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब व मधुमेहाच्या टेबलाशेजारी ‘मुलांविषयी बोला’ असे एक टेबल अवश्य ठेवावे. परतलेल्या आई-वडिलांना मूल ओळख दाखवत नाही, चिडते, मोठी बहीण घर सोपवून द्यायला तयार होत नाही, या गोष्टींचा त्यांना धक्का बसतो. हे स्वाभाविक आहे व काही आठवड्यांत निवळते, हे कोणीतरी सांगावे लागते.

संत सेवालाल महाराजांच्या शिकवणीत व्यसनापासून दूर राहण्याचा आग्रह आहे. आणि कोणतीही गोष्ट आधी जाणावी, पारखावी, मगच मानावी, असाही विवेक आहे. घरातील मद्यपान हे बालमनाच्या पीडेचे मोठे कारण असल्याने हा उपदेश वैद्याच्या कामास फार उपयोगी पडतो. जो माणूस डॉक्टरांचे ऐकत नाही, तो महाराजांच्या शब्दाला मान देतो. बाधा-भानामतीच्या समजुतीबाबतही ‘आधी पारखू’ हीच भाषा वापरावी. आजीच्या श्रद्धेचा उपहास केल्यास ती पुन्हा येणार नाही. देवीचे दर्शन जरूर घ्यावे, पण उपचार थांबवू नयेत. उपचारापासून रोखून अघोरी उपाय करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही योग्य वेळी सांगावे.

शासकीय व अन्य साधने

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी होते. विकासातील विलंब, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजे गावोगावच्या बालकांपर्यंत पोहोचणारी ही व्यवस्था आपल्याच पदवीधर बंधु-भगिनींच्या हाती आहे. खासगी वैद्याने त्यांच्याशी परिचय ठेवावा व संशयित बालकांची नावे कळवावीत.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामार्फत मनोविकारतज्ज्ञांची सेवा मिळते. ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पालक मृत, गंभीर आजारी वा एकल असल्यास बालसंगोपन योजनेचा विचार करावा. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. वडिलांनी आत्महत्या केलेल्या घरातील मुलांसाठी हा अर्ज भरून देणे हीदेखील चिकित्साच होय.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. इतक्या मुलांना तज्ज्ञ पुरे पडणे शक्य नाही. परंतु गावातील माणसे शिकवून तयार केली तर फरक पडतो, हे विदर्भातच दिसून आले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास प्रौढांचा होता. तरीही ज्या घरातील प्रौढाचे नैराश्य दूर होते, त्या घरातील बालकाचे ओझे हलके होते, हे वेगळे सांगावयास नको.

औषधी विक्रेत्यांसाठी

तांड्यातील मातेचा पहिला सल्लागार बहुधा औषधाचा दुकानदार असतो. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

(अ) ‘बुद्धीचे औषध द्या’ या मागणीवर बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मूल झोपते का, जेवते का, घरी कोण असते? उत्तरांत शंका आल्यास वैद्याकडे पाठवावे.

(आ) ब्राह्मी व मंडूकपर्णी यांची नावे बाजारात एकमेकांसाठी वापरली जातात. शंखपुष्पीच्या नावाखाली गोकर्ण व विष्णुक्रांताही विकली जाते. खरेदी करताना वनस्पतीची ओळख पटवून घ्यावी. ब्राह्मीवरील आधुनिक अभ्यास बहुतांशी प्रौढांवर झाले आहेत. मुलांबाबतचा पुरावा मर्यादित आहे. मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिराती करणे १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

(इ) अनुसूची ई-१ मधील धत्तूर, वत्सनाभ, अहिफेन, भंगा इत्यादी द्रव्ये असलेले कल्प, रसकल्प आणि आसवारिष्टे मुलांसाठी वैद्याच्या लेखी सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

(ई) १४४१६ व १०९८ हे क्रमांक दर्शनी भागात मराठीत लावावेत.

तत्काळ संदर्भित करावयाची लक्षणे

मरणाची भाषा, स्वतःस इजा, झटके, शिकलेली भाषा वा कौशल्य गमावणे, भास, अनेक दिवस अन्नत्याग, आणि लैंगिक अत्याचाराची शंका. या अवस्थांत औषध देऊन वाट पाहू नये. अत्याचाराची माहिती पोलिसांना वा विशेष बाल पोलीस पथकाला देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकास बंधनकारक आहे. वैद्य त्यास अपवाद नाही.

‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. अशा घरात कीटकनाशकाचा डबा कुठे असतो, हे हमखास विचारावे. बहुतेकदा तो खाटेखाली किंवा ज्वारीच्या कोठीजवळ असतो. तो कुलूपबंद करून किल्ली एका जबाबदार प्रौढाकडे ठेवणे, अथवा तांड्यातील विश्वासू घरी सामायिक कुलपात ठेवणे, एवढ्या साध्या उपायाने जीव वाचतात.

उपसंहार

वरील उदाहरणातील मुलाच्या वेदनेवर कोणतेही महागडे औषध लागत नाही. एक ठरलेला फोन, एक चिठ्ठी, आजीचा हात आणि आपल्या बोलीतील दोन शब्द लागतात. यांतील एकही वस्तू फार्मसीत मिळत नाही, पण प्रत्येक वस्तू तांड्यात आहे. त्या एकत्र आणण्यासाठी कोणीतरी अर्धा तास द्यावा लागतो. तो अर्धा तास आपण दिला नाही तर हेच मूल पाचवी-सहावीत शाळा सोडते आणि पुढील हंगामात कोयत्यामागे मोळ्या बांधू लागते. येत्या दिवाळीपूर्वी आपल्या चिकित्सालयाच्या पंचक्रोशीतील मागे राहणाऱ्या मुलांची एक यादी प्रत्येक सभासदाने करावी, एवढीच विनंती.

स्वाध्याय

१. उत्तम रुग्णाचे चार गुण सांगून बालरुग्णात त्यांपैकी कोणते उणे असतात व ते उपस्थात्याने कसे भरून काढावे, ते लिहा.
२. शाळेच्या वेळी होणाऱ्या उदरशूलात कोणत्या शारीर कारणांचे निराकरण कराल?
३. आपल्या गावातील वर्षभराचे सण व स्थलांतराचा काळ यांचा तक्ता करून प्रत्येक टप्प्यावर बालकांसाठी काय करता येईल, ते नोंदवा.
४. आपल्या शेवटच्या दहा बालरुग्णांच्या केसपेपरवर ‘घरी कोण असते’ ही नोंद किती ठिकाणी आहे, ते पाहा.